सोबतीला आणखी एक औषध

मंगळवार, २५ नोव्हेंबर १८८४. लंडनमध्ये रीजंट्स पार्कजवळ फेफरं आणि पक्षाघाताच्या रुग्णांसाठी एक छोटं रुग्णालय आहे. तिथल्या शस्त्रक्रियेच्या खोलीत तुम्ही भिंतीला पाठ लावून उभे आहात. हवेत कार्बोलिक आम्लाचा फवारा मारलेला आहे. वास नाकात बसतो, डोळे चुरचुरतात. टेबलावर २५ वर्षांचा एक स्कॉटिश शेतकरी क्लोरोफॉर्मच्या गुंगीत पडला आहे. आधी त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू थडथड उडायची. मग झटके यायला लागले, मग डावा हात लुळा पडत गेला. अलीकडे डोकं असं ठणकतं की त्याला सोसवत नाही. उलट्या थांबत नाहीत आणि नजरही अधू होत चालली आहे.

ह्यूज बेनेट या डॉक्टरांनी एवढ्या लक्षणांवरून अंदाज बांधला आहे: गाठ मेंदूच्या उजव्या बाजूला, हात हलवणाऱ्या पट्ट्यात आहे आणि फार खोल नाही. त्यांच्याजवळ एकही चित्र नाही. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून ११ वर्षं आहेत. शस्त्रक्रिया करणारे रिकमन गॉडली हे जोसेफ लिस्टर यांचे भाचे. ते कवटीला भोकं पाडतात, हाड उचलतात. वरून मेंदू जवळपास नेहमीसारखाच दिसतो. पृष्ठभाग छेदून जरा खाली गेल्यावर, बेनेट यांनी सांगितलेल्या जागीच अक्रोडाएवढी गाठ लागते आणि निघते. मेंदूच्या आतली गाठ केवळ लक्षणांवरून हेरून काढण्याची ही पहिली शस्त्रक्रिया मानली जाते.

चौथ्या आठवड्यात तो तरुण जातो, जखमेत झालेल्या जंतुसंसर्गाने. तुम्हाला पेनिसिलिनचं नाव ठाऊक आहे, पण सांगता येत नाही. या प्रवासात बघता येतं, बोलता येत नाही.

पुढे १९२६, बोस्टन. हार्वी कुशिंग आणि पर्सिव्हल बेली ढिगाने जमवलेल्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून त्यांची वर्गवारी छापतात. त्यातल्या सगळ्यांत आक्रमक गाठीला आज ग्लिओब्लास्टोमा म्हणतात. इथे फार रेंगाळायला नको. काचपट्टीवर डोळा लावून एकच गोष्ट बघा: गाठ कुठे संपते ते सांगताच येत नाही. तिच्या पेशी निरोगी मेंदूत दूरवर शिरलेल्या आहेत. याच दशकात बाल्टिमोरचे वॉल्टर डँडी, डावं अंग आधीच लुळं पडलेल्या काही रुग्णांच्या मेंदूचा अख्खा उजवा भाग काढून बघतात. तरी आजार परततो. नुसत्या शस्त्रक्रियेने हा आजार संपणार नाही, हे कळून चुकलेलं आहे. मात्र तिच्या पुढे काय करायचं, यात अर्धं शतक जातं.

१९७० च्या आसपास तुम्ही अमेरिकेत आहात. मायकेल वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक रुग्णालयांना एकत्र आणून एक अवघड प्रश्न उघडपणे विचारलाय: शस्त्रक्रियेनंतर आपण जे जे करतो, त्याने रुग्ण खरंच जास्त जगतो का? रुग्णांचे चार गट पडतात. कोण कुठल्या गटात जाणार हे डॉक्टर ठरवत नाहीत, ते चिठ्ठीवर ठरतं. एका गटाला शस्त्रक्रियेनंतर फक्त त्रास कमी करणारी औषधं आणि शुश्रूषा. दुसऱ्याला कार्मुस्टिन हे केमोथेरपीचं औषध, तिसऱ्याला किरणोपचार, चौथ्याला दोन्ही. निकाल १९७८ मध्ये छापून येतो. नुसती शुश्रूषा मिळालेल्या गटातला मधला रुग्ण १४ आठवडे जगला, म्हणजे निम्मे त्याच्या आधी गेले आणि निम्मे नंतर. कार्मुस्टिनच्या गटात हा आकडा साडेअठरा आठवडे आहे. किरणोपचारांच्या गटात तो ३५ च्या घरात जातो. दोन्ही मिळालेल्या गटातही जवळपास तेवढाच.

त्या पहिल्या गटाकडे बघताना जीव तुटतो. चिठ्ठी उलटी पडली असती तर यातल्या कितीतरी जणांना आणखी काही महिने मिळाले असते. पण किरणोपचार घ्यावेत की नाही, याचं पक्कं उत्तर त्या दिवसांत कुणाकडेच नव्हतं. ते याच माणसांमुळे मिळालं. त्यानंतर अशा रुग्णांच्या तुलनेच्या गटाला किरणोपचार देणं हा पाया झाला. डॉक्टर आज ‘ठरलेले उपचार’ म्हणतात ते असे ठरलेले असतात, कालच्या चाचणीत खरे उतरून. म्हणून नवं औषध कितीही गुणी वाटलं, तरी त्यांना बाजूला सारून त्याची परीक्षा घेता येत नाही. त्याला त्यांच्या सोबतीने उभं राहावं लागतं, आणि प्रश्न एवढाच उरतो: याच्या येण्याने काही भर पडली का?

पहिली खरी भर पडली ती इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमहून. १९८० च्या दशकाची सुरुवात आहे आणि तुम्ही अ‍ॅस्टन विद्यापीठाच्या औषधरसायनाच्या प्रयोगशाळेत शिरता. माल्कम स्टीव्हन्स यांच्या हाताखाली रॉबर्ट स्टोन हा विद्यार्थी पीएचडीचं काम करतो आहे. त्याच्या हातून तयार झालेल्या रेणूला पुढे टेमोझोलोमाइड हे नाव मिळणार आहे. याच कुळातलं आधीचं एक औषध रुग्णांच्या अस्थिमज्जेला इतकं झोडपायचं की ते सोडून द्यावं लागलं. या नव्या रेणूचा स्वभाव वेगळा आहे. जठरातल्या आम्लात तो टिकतो, म्हणून कॅप्सूलमधून गिळता येतो. रक्तात उतरला की आपोआप उलगडतो, आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा जो पहारा बहुतेक औषधांना आत सोडत नाही, तो ओलांडून पुरेसा आत पोचतो. तिथे पेशीच्या डीएनएवर एक छोटासा मिथाइल गट चिकटवतो, आणि दुभंगायला निघालेली पेशी त्यात अडकून मरते.

१९८७ पासून लंडनच्या चेअरिंग क्रॉस रुग्णालयात एडवर्ड न्यूलँड्स ते रुग्णांना देऊ लागतात. आधी एकदाच मोठा डोस देतात, तर गुण जवळपास शून्य. तोच पाच दिवसांत विभागून दिला तेव्हा काही गाठी आकसल्या. एकाच पद्धतीवर अडून राहून औषध कपाटात ठेवून दिलं असतं, तर पुढची गोष्ट घडलीच नसती.

ती गोष्ट मार्च २००५ ची. लोझानचे रॉजर स्टुप यांनी ८५ रुग्णालयांतल्या ५७३ रुग्णांवरचा निकाल छापला. निम्म्यांना फक्त किरणोपचार दिले होते, निम्म्यांना त्यांच्या सोबतीला टेमोझोलोमाइड. मधलं आयुष्य १२.१ महिन्यांवरून १४.६ वर गेलं. अडीच महिने! आकडा वाचून निराश होऊ नका, त्याच तक्त्यात खाली बघा: दोन वर्षांनी जिवंत असलेले १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेले होते. त्याच अंकात मोनिका हेगी यांनी दाखवलं की, ज्यांच्या गाठीत एमजीएमटी हे दुरुस्तीचं जनुक बंद पडलेलं असतं, त्यांना या औषधाचा लाभ जास्त होतो. एकाच नावाच्या आजारात निरनिराळे आजार लपलेले आहेत, याची ही पहिली ठोस खूण उपचारांच्या खोलीत आली. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि टेमोझोलोमाइड. जगभर आजही पाया हाच आहे.

आणि इथून लक्ष्यवेधी औषधांचं पर्व सुरू होतं. दुभंगणाऱ्या प्रत्येक पेशीवर घाव घालण्याऐवजी, गाठ ज्या एका खोडीवर जगते ती खोडीच मोडायची, हा त्यामागचा विचार. रक्ताच्या एका कर्करोगात इमॅटिनिबने २००१ मध्ये तो प्रत्यक्षात आणून दाखवला होता. मेंदूच्या डॉक्टरांनाही आशा वाटू लागली होती, आणि ती वाटणं अगदी रास्त होतं.

२०१०, ह्यूस्टन. इथे तुम्ही बघे नाही. रुग्ण तुम्हीच आहात.

शस्त्रक्रिया होऊन गेली आहे, टाके निघाले आहेत. आज मुखवटा तयार करायचा आहे. छिद्रांची पांढरी प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात बुडवतात, मऊ पडली की दोघं जण ती तुमच्या चेहऱ्यावर ताणून बसवतात. ओली ऊब गालांवर, पापण्यांवर, हनुवटीखाली उतरते. काही मिनिटांत जाळी गार होऊन कडक होते आणि तुमच्या चेहऱ्याचा साचा तयार होतो. यापुढे रोज हा मुखवटा घालून तो टेबलाला चापांनी अडकवणार, म्हणजे डोकं तसूभरही हलायचं नाही. आठवड्यातून ५ दिवस, ६ आठवडे, दर खेपेला किरणांची मात्रा २ ग्रे, एकूण ६० ग्रे. यंत्र डोक्याभोवती फिरतं, दुखत काहीच नाही. बाहेर येऊन आरशात बघता तेव्हा कपाळावर जाळीचे चौकोन उमटलेले असतात. रोज रिकाम्या पोटी टेमोझोलोमाइड, त्याआधी उलटी होऊ नये म्हणून एक गोळी. किरणोपचारांना शनिवार-रविवारी सुट्टी असते, कॅप्सूलला नसते.

मग एके दिवशी डॉक्टर खुर्ची पुढे ओढून बसतात आणि एका चाचणीबद्दल सांगतात. इथल्याच एमडी अँडरसन कर्करोग केंद्राचे मार्क गिल्बर्ट तिचं नेतृत्व करताहेत. औषधाचं नाव बेव्हासिझुमॅब.

“गाठीला वाढायला रक्त लागतं,” डॉक्टर सांगतात. “ती एक संदेश सोडून स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावते. हे औषध तो संदेश वाटेतच पकडतं. तुमचे किरणोपचार आणि कॅप्सूल जसे चालू आहेत तसेच राहतील. त्यांच्या जोडीला चौथ्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी शिरेतून हे द्यायचं. किंवा तशाच दिसणाऱ्या पिशवीतून निव्वळ सलाईन.”

“मला यातलं काय मिळणार?”

“ते मला कळणार नाही. तुम्हालाही नाही.”

इथे तुम्हाला राग येतो. यावा, हे साहजिक आहे. मेंदूत असा आजार असताना माणसाला सलाईनवर ठेवायचं? पण डॉक्टरांनी काय सांगितलं ते पुन्हा आठवा. नुसत्या सलाईनवर कुणीच नाही. ज्याला सलाईन मिळेल त्यालाही आज जगात जे सर्वांत चांगलं सिद्ध झालेलं आहे ते सगळं मिळणार आहे. चिठ्ठी पडणार आहे ती त्याच्यावरच्या एका थरासाठी, आणि तो थर अंगाला लागेल की बाधेल हे २०१० मध्ये या इमारतीत कुणालाही ठाऊक नाही. ठाऊक असतं, तर चिठ्ठी टाकणं हा गुन्हा ठरला असता. ही अट मी चाचण्यांबद्दल वाचताना नेहमी आधी शोधतो आणि ती पाळलेली दिसली की मन बरंचसं निवांत होतं.

तुम्ही सही करता. चौथ्या आठवड्यात खुर्चीत बसता, दंडाला पट्टा, शिरेत सुई. पिशवीतलं पाणी पारदर्शक आहे. पहिल्या खेपेला दीड तास लागतो. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाची पिशवी अगदी तशीच आहे. काही आठवड्यांनी तुमचा रक्तदाब चढतो, एकदा नाकातून रक्त येतं, आणि घरच्यांना वाटतं की खरं औषध तुम्हालाच मिळतंय. डॉक्टर काही बोलत नाहीत.

काही महिन्यांनी एमआरआय होतो. पडद्यावर आधीच्या चित्रात जिथे कडेने पांढरंशुभ्र झळकणारं रिंगण होतं, तिथे आता ते फिकट, विरळ झालेलं आहे. घरात पेढे वाटले जातील असा हा क्षण आहे. आणि हाच क्षण नीट समजून घ्यायला हवा.

एमआरआयच्या आधी शिरेतून गॅडोलिनियम टोचतात. गाठीच्या रक्तवाहिन्या घाईघाईत तयार झालेल्या, कच्च्या आणि झिरपणाऱ्या असतात. त्यांतून गॅडोलिनियम बाहेर पाझरतं आणि पडद्यावर पांढरं दिसतं. म्हणजे आपण गाठ म्हणून बघतो तो बराचसा तिचा पाझर असतो. बेव्हासिझुमॅब या वाहिन्या घट्ट करतं. पावसाळ्यात भिंतीवर उमटलेली ओल बुजवून वरून रंग काढला की भिंत कोरी दिसते, पण आतल्या वाळवीला त्याचं काहीच नसतं. पाझर थांबला, सूज उतरली, चित्र स्वच्छ झालं. पेशी मात्र मेंदूत पुढे सरकतच राहिल्या. याच काळात, २०१० मध्ये, तज्ज्ञांनी एमआरआय वाचायचे निकष बदलले, ते या फसव्या सुधारणेमुळे. पांढऱ्या भागाबरोबर भोवतालचा न झळकणारा भागही मोजायचा आणि रुग्णाला लागणारं स्टेरॉइड आणि त्याची प्रकृतीही हिशेबात धरायची, असं ठरलं.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये बेव्हासिझुमॅबला परतलेल्या ग्लिओब्लास्टोमासाठी घाईची मान्यता दिली होती, ती मुख्यतः गाठ आकसल्याच्या अशा चित्रांच्या आधारावर. त्यामुळे अनेकांना वाटत होतं की नव्याने निदान झालेल्यांना ते सुरुवातीलाच दिलं तर सोनंच. चाचणी कशाला, थेट द्या, असं म्हणण्याचा मोह किती मोठा असेल, याची कल्पना करा.

जून २०१३, शिकागो. कर्करोगतज्ज्ञांच्या वार्षिक अधिवेशनाचं भलंमोठं सभागृह. तुम्ही मागच्या रांगेत बसला आहात. पडद्यावर दोन रेषा येतात: एक औषधाच्या गटाची, एक सलाईनच्या. डावीकडून निघालेल्या दोन्ही रेषा पायरी पायरीने खाली उतरतात. प्रत्येक पायरी म्हणजे एक माणूस. आणि त्या एकमेकींपासून सुटतच नाहीत. ६३७ रुग्णांच्या अमेरिकेतल्या चाचणीत औषधाच्या गटाचं मधलं आयुष्य १५.७ महिने, सलाईनच्या गटाचं १६.१. युरोपच्या पुढाकाराने झालेल्या ९२१ रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत १६.८ आणि १६.७. गाठ पुन्हा वाढलेली दिसेपर्यंतचा काळ दोन्हीकडे तीन-चार महिन्यांनी लांबला होता. आयुष्य एका दिवसानेही वाढल्याचं सिद्ध झालं नाही.

जगण्याच्या प्रतीबद्दल तर दोन्ही चाचण्यांचं उत्तर उलटसुलट आलं. युरोपच्या चाचणीत औषधाच्या गटाची प्रकृती जास्त काळ टिकली आणि स्टेरॉइड कमी लागलं. अमेरिकेच्या चाचणीत त्याच औषधाच्या गटातल्या रुग्णांनी काळ जाईल तसा जास्त त्रास नोंदवला, आणि त्यांची स्मृती व आकलन जास्त ढासळलं. रक्तदाब, रक्ताच्या गुठळ्या, आतड्याला छिद्र पडणं, हेही औषधाच्या बाजूला थोडं जास्तच. दोन्ही निकाल फेब्रुवारी २०१४ मध्ये एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात छापून आले.

बातम्यांनी लिहिलं, चाचणी फसली. मला हे मान्य नाही. औषध हरलं, चाचणी जिंकली. तिच्यामुळे पुढच्या हजारो रुग्णांना दर दोन आठवड्यांनी सुई टोचून घेऊन, घर गहाण टाकून, मिळणारच नाही असं आयुष्य विकत घ्यावं लागलं नाही. बेव्हासिझुमॅब कपाटात गेलं असंही नाही. मेंदूची सूज उतरवायला आणि स्टेरॉइड कमी करायला ते आजही उपयोगी पडतं. त्याची जागा कुठे आहे आणि कुठे नाही, हे कळलं ते सलाईनच्या खुर्चीत बसायची तयारी दाखवलेल्या माणसांमुळे.

आता काळाच्या पट्ट्यावरून जरा भरभर चला. २०१४: रक्तवाहिन्यांच्या वाढीवरच रोख धरणारं सिलेन्जिटाइड ठरलेल्या उपचारांच्या सोबतीला दिलं, दोन्ही गट २६.३ महिने. २०१७: गाठीवरच्या एका बदललेल्या प्रथिनाला लक्ष्य करणारी रिंडोपेपिमुट ही लस, ७४५ रुग्ण, मुख्य विश्लेषणात २०.१ महिने विरुद्ध २०. या लसीपाशी मात्र थांबायला हवं. तिच्या आधीच्या, तुलनेचा गट नसलेल्या छोट्या चाचण्यांत रुग्ण जुन्या आकड्यांच्या मानाने खूप जास्त जगलेले दिसले होते, आणि श्रेय लसीला गेलं होतं. समोर खरा तुलनेचा गट उभा केला तेव्हा कळलं की असे निवडक, तब्येतीने बरे रुग्ण लसीशिवायही तेवढेच जगतात. दुसरी गोष्ट आणखी विचार करायला लावणारी. ज्यांची परतलेली गाठ पुन्हा तपासता आली, त्यांतल्या अनेकांच्या गाठीतून ते लक्ष्यच नाहीसं झालं होतं, लस घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांतही. आपण नेम धरून बसलो होतो आणि गाठीने आपणहून रूप पालटलं होतं.

एव्हरोलिमसची कथा याहून कठोर आहे. पेशीच्या आतली एमटीओआर नावाची वाढीची वाट हे औषध अडवतं. ट्यूबरस स्क्लेरोसिस या जन्मजात आजारात मेंदूत एका प्रकारच्या गाठी होतात, त्या मुळात या वाटेवरचा लगाम तुटल्याने होतात. तिथे एव्हरोलिमस गाठी आकसवतं आणि २०१० पासून त्यासाठी ते मान्यताप्राप्त आहे. तेच औषध ग्लिओब्लास्टोमात किरणोपचार आणि टेमोझोलोमाइडच्या सोबतीला १७१ रुग्णांच्या चाचणीत वापरलं गेलं. औषधाविना गटाचं मधलं आयुष्य २१.२ महिने, औषधासह गटाचं १६.५. भर पडायची तर सोडाच, होतं त्यातून कमी झालं. सोबतीला दिलेलं औषध निदान अपाय तरी करणार नाही, असं धरून चालणाऱ्या प्रत्येकाने हे दोन आकडे लक्षात ठेवावेत. आणि हेही, की लक्ष्य गाठीत असणं पुरेसं नाही, गाठ त्या लक्ष्यावर जगत असली पाहिजे.

अशी गाठ सापडली ती वेगळ्याच दारातून. २००८, बाल्टिमोर, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ. संशोधकांनी २२ ग्लिओब्लास्टोमांची जनुकं ओळीने वाचून काढली आहेत आणि एक अनपेक्षित नाव वर आलंय: आयडीएच१, पेशीच्या रोजच्या चयापचयातलं एक साधं जनुक. त्यातला बदल तरुण रुग्णांत जास्त आढळतो आणि सौम्य चालीच्या गाठींत तर बहुतेकांत असतो. पुढच्याच वर्षी कळतं की हे बिघडलेलं जनुक पेशीत एक भलताच पदार्थ साठवायला लावतं आणि त्यातून पेशी भरकटते. गाठीच्या जन्माशी बांधलेलं, सहसा न पुसलं जाणारं आणि गाठीत सर्वदूर असलेलं लक्ष्य.

त्यानंतर १५ वर्षांनी, जून २०२३ मध्ये, तुम्ही पुन्हा शिकागोत आहात. इंगो मेलिंगहॉफ याच लक्ष्यावर नेम धरणाऱ्या वोरासिडेनिब या गोळीचा निकाल मांडताहेत. ३३१ रुग्ण, दुसऱ्या श्रेणीची गाठ, शस्त्रक्रिया झालेली, किरणोपचार वा केमो अजून दिलेली नाही. अशा रुग्णांसाठी ठरलेला उपचार म्हणजे लक्ष ठेवून वाट बघणं. गोळीच्या गटात गाठ वाढेपर्यंतचा मधला काळ २७.७ महिने, दुसऱ्या गटात ११.१. या खेपेला रेषा सुरुवातीलाच एकमेकींपासून दूर जातात. ६ ऑगस्ट २०२४ रोजी अमेरिकेत या गोळीला मान्यता मिळाली. आयुष्य किती वाढतं हे कळायला अजून वर्षं लागतील. शिवाय ही गोळी ग्लिओब्लास्टोमासाठी नाही, हे रुग्णाच्या घरच्यांना स्पष्ट सांगायला हवं. इंटरनेटवर नाव वाचून पैशांची जुळवाजुळव करणारी कुटुंबं मला दिसतात, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

आता परळला या. टाटा मेमोरियल रुग्णालय इथे १९४१ पासून उभं आहे. ओपीडीच्या बाकावर मांडीवर फाईल धरून, सातारा, नांदेड, धुळ्याहून रात्रीच्या गाडीने आलेली माणसं बसली आहेत. टाटाच्या डॉक्टरांनी याच धर्तीवर एक चाचणी घेतली: जंतांवरचं मेबेंडाझोल हे स्वस्त औषध, परतलेल्या गाठींच्या रुग्णांना नेहमीच्या केमोच्या सोबतीला दिलं. २०२२ मध्ये निकाल छापून आला. आधी ठरवलेलं उद्दिष्ट गाठता आलं नाही, आणि त्यांनी तसंच लिहिलं. असा ‘नाही’ छापून येणं मला फार मोलाचं वाटतं. ‘जंताच्या गोळीने कॅन्सर जातो’ असा संदेश मोबाईलवर आला तर त्याला द्यायला हे एक खरंखुरं उत्तर आहे.

तुमच्या घरात असा आजार निघाला असेल, तर काही गोष्टी आजच करा. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा ठोकळा आणि काचपट्ट्या जपून ठेवा. आयडीएच आणि एमजीएमटी तपासलं का, हे विचारा, आणि रिपोर्टची प्रत मागून घ्या. ठरलेले उपचार सुरू करायला उशीर करू नका. कुठल्या चाचणीत नाव घालता येईल का, हे पहिल्या महिन्यातच विचारा, कारण बहुतेक चाचण्यांची दारं नंतर बंद होतात. भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही, क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, २००७ पासून सर्वांना खुली आहे आणि २००९ पासून तिथली नोंद सक्तीची आहे. चाचणीचं नाव तिथे नसेल तर पुढे जाऊ नका. संमतीपत्र मराठीत मागा, घरी न्या, दोघातिघांनी मिळून वाचा. तुलनेच्या गटाला काय मिळणार आहे ते बोट ठेवून विचारा, आणि ठरलेल्या उपचारांतलं काही त्यात नसेल तर का नाही, तेही विचारा. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई मिळायची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. आणि सही केल्यानंतरही कारण न सांगता चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येतं. त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.